आधी शून्य दाखवा

आपल्याकडच्या शास्त्रार्थाची जुनी रीत अशी, की जे मत खोडायचं ते आधी त्याच्या कैवाऱ्यानंही मान डोलवावी इतक्या नेटानं मांडायचं आणि मगच उत्तराला हात घालायचा. पुढचा वाद त्याच रीतीनं मांडला आहे. विषय तसा चिमुकला: पेशीतल्या लयकारिकेच्या, म्हणजे लायसोसोमच्या, पटलात बसलेलं प्रथिन मोजणारं तयार किट. ९६ खळग्यांची, प्रयोगशाळेच्या भाषेत ९६ वेलची, एक प्लेट, चारसहा बाटल्या आणि एक माहितीपत्रक. प्रथिनाचं नाव लॅम्प. लॅम्प-१ आणि लॅम्प-२ अशी ही दोन भावंडं आहेत. लयकारिकेच्या पोटात साठेक पाचक विकरं आम्लात भिजत असतात. ती ज्या पटलाआड कोंडलेली असतात, त्या पटलातल्या प्रथिनांपैकी सुमारे निम्मा वाटा या दोघांचा. लेखक उत्तरपक्षाचा आहे हे लपवण्यात अर्थ नाही. पूर्वपक्षानं जिथं त्याला अडवलं, ते मात्र तसंच ठेवलं आहे.

पूर्वपक्ष: किटांवर ताशेरे ओढणं सोपं, कारण ते ओढणाऱ्याला प्रतिपिंडं घडवावी लागत नाहीत. एके काळी रक्तातलं एखादं प्रथिन मोजायचं तर यॅलो आणि बर्सन यांच्या रीतीनं किरणोत्सारी आयोडीन हाताळावं लागे. ती सोय मोजक्या संस्थांपाशी होती. १९७१ मध्ये स्टॉकहोमला एंगवाल आणि पर्लमान यांनी, आणि त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये फान वेमेन आणि स्खुर्स यांनी, किरणोत्साराच्या जागी विकर जोडलं आणि एलायझा जन्मली. आज जिथं एक फ्रीज, बरी पिपेट आणि प्लेट-रीडर आहे तिथं लॅम्प मोजता येतं. वेलच्या तळाशी चिकटवलेलं एक प्रतिपिंड नमुन्यातलं प्रथिन धरून ठेवतं; वरून दुसरं प्रतिपिंड त्याच प्रथिनाला दुसऱ्या अंगानं पकडतं; त्याला जोडलेलं विकर रंगद्रव्याला निळं करतं, आम्ल टाकलं की निळ्याचं पिवळं होतं आणि ४५० नॅनोमीटरवर यंत्र त्या पिवळेपणाचा आकडा देतं. चांगल्या किटात एकाच प्लेटवरचे आकडे १० टक्क्यांच्या आत जुळतात, वेगवेगळ्या दिवशीचे १५ च्या आत. याहून प्रामाणिक मोजमाप कोणतं हवं? विद्यार्थ्याला प्रबंध वेळेत पुरा करायचा असतो. त्यातली निम्मी वर्षं प्रतिपिंडं तपासण्यात घालव, असं सांगणं हा सुखवस्तू प्रयोगशाळांचा सल्ला झाला.

उत्तरपक्ष: आकडे जुळतात याबद्दल वाद नाही. पण तराजूला पासंग असला तर त्यावर तीच भाजी दहा वेळा टाका, दहाही वेळा तेच वजन येईल. माहितीपत्रकात ती १० आणि १५ टक्क्यांची ओळ ठळक असते, कारण ती सिद्ध करणं सर्वांत स्वस्त पडतं. वेलमध्ये पकडलं गेलं ते लॅम्पच होतं का, या प्रश्नाला ती ओळ शिवतही नाही. टोरांटोच्या माउंट सायनाय रुग्णालयात प्रासास आणि डायमँडिस यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाची खूण म्हणून सीयूझेडडी-१ नावाचं प्रथिन बाजारातल्या किटानं मोजायला घेतलं. दोन वर्षं, पाच लाख डॉलर आणि हजारो रुग्णांचे नमुने खर्ची पडले. शेवटी वस्तुमान-वर्णपटमापकानं दाखवून दिलं, की ते किट सीए-१२५ पकडत होतं, कर्करोगवाल्यांच्या जुन्या ओळखीचं, पण भलतंच प्रथिन. आकडे खरेच होते, फक्त दुसऱ्याचे. २०१४ मध्ये त्यांनी हे स्वतःच छापून सांगितलं, हा त्यांचा मोठेपणा. असं किती जणांनी सांगितलं नसेल, याचा हिशेब मनातच करावा.

पूर्वपक्ष: एका आडवळणाच्या प्रथिनाच्या किटावरून सगळ्यांना पिंजऱ्यात उभं करू नका. लॅम्प काही अडगळीतलं प्रथिन नव्हे. पेशीत लयकारिका कुठं आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचं तर जगभर त्याचीच प्रतिपिंडं वापरतात. जे प्रतिपिंड काचपट्टीवर बिनचूक बोट ठेवतं, ते वेलमध्ये शिरताच आंधळं कसं होईल?

उत्तरपक्ष: होऊ शकतं. काचपट्टीवर पेशी रसायनानं गोठवलेली असते, वेलमध्ये प्रथिन द्रवात मोकळं असतं. प्रतिपिंड आकार ओळखतं आणि दोन्हीकडे आकार तोच राहील असा नियम नाही. शिवाय किटाला एकमेकांच्या आड न येणारी दोन प्रतिपिंडं लागतात. पण खरी अडचण लॅम्पच्या घडणीत आहे. या प्रथिनाचा मोठा भाग लयकारिकेच्या पोटात लोंबतो, एक दोरा पटलातून आरपार जातो आणि डझनभर अमिनो आम्लांचं शेपूट बाहेर पेशीद्रवात उरतं. लॅम्प-१ चा नुसता सांगाडा ४० किलोडाल्टनच्या आसपास. पण त्यावर शर्करासाखळ्या चढायला १८ जागा आहेत आणि त्या चढल्या की वजन ११० ते १२० किलोडाल्टनवर जातं. म्हणजे प्रथिन म्हणून मोजायला निघालो त्यात निम्म्याहून जास्त साखर! हा थर उगीच नाही. आतल्या विकरांनी पटलच पचवू नये म्हणून घातलेलं ते चिलखत आहे. आता किटाबरोबर प्रमाण म्हणून येणारी कुपी पाहा. अनेक किटांत ते प्रथिन ई. कोलाय जिवाणूकडून घडवून घेतलेलं असतं, आणि हा जिवाणू माणसाच्या पेशीसारख्या शर्करासाखळ्या चढवत नाही. कुपीत उघडंबोडकं प्रथिन, नमुन्यात चिलखत घातलेलं. उघड्याला पाहून तयार झालेल्या प्रतिपिंडाला चिलखताआडचं दिसेलच असं नाही. दिसलं तरी दोघांना सारख्याच जोरानं धरेल, याची हमी कुणी द्यायची? ‘इतके नॅनोग्रॅम’ या आकड्याचा अर्थ तेवढ्या उघड्या प्रथिनामुळे येईल इतका पिवळेपणा, एवढाच. सस्तन प्राण्यांच्या पेशींत घडवलेलं प्रमाण वापरणारी किटंही मिळतात. कुपीतलं प्रथिन कुठं घडलं, हे विकत घेण्याआधी विचारावं.

त्यातच पटलाची भानगड. लॅम्प चरबीच्या पटलात रुतलेलं. ते सुटं करायला ट्रायटन एक्स-१०० सारखा साबण लागतो. साबण कमी पडला तर प्रथिन पटलातच अडकतं, जास्त झाला तर प्रतिपिंडाची पकड सुटू शकते. आकडा नमुना फोडण्यावर ठरतो, हे लयकारिकेच्या अभ्यासकाला तरी नव्यानं सांगायला नको, कारण तिचा शोधच तसा लागला. १९४९ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हाँ इथं ख्रिस्तियान द दूव यांच्या गटानं उंदराच्या यकृतात आम्ल फॉस्फटेज हे विकर मोजलं. हळुवार वाटलेल्या ताज्या यकृतात अपेक्षेच्या दहाव्या हिश्श्याइतकीच क्रिया मिळाली. तोच नमुना पाच दिवस फ्रीजमध्ये राहिला आणि आकडा चढला. विकर होतं तेवढंच होतं. ज्या पिशवीत ते बंद होतं ती मधल्या काळात फाटली होती. १९५५ मध्ये या पिशवीला लायसोसोम हे नाव मिळालं, १९७४ मध्ये द दूव यांना नोबेल. अशा पेशीअंगकाच्या पटलातलं प्रथिन मोजणाऱ्या किटावर ‘रक्तद्रव, पेशींचा अर्क, ऊती आणि इतर द्रव’ अशी एका दमात छापलेली यादी वाचली, की ते पत्रक लिहिणाऱ्यानं द दूव वाचला नसावा असं वाटतं.

पूर्वपक्ष: गोष्ट तुमची, पण तिचा कौल माझ्या बाजूनं आहे. द दूव यांनी विचित्र आकडा फेकून दिला नाही; त्यांनी आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवला. मलाही नॅनोग्रॅम नकोतच, रोगी आणि निरोगी यांच्यातला फरक हवा आहे. पासंग दोन्ही वजनांत सारखा असेल तर फरक खराच निघतो. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला माइकल आणि हॉपवूड यांच्या गटानं १९९७ मध्ये तेच केलं. १५२ निरोगी माणसांच्या रक्तद्रवात लॅम्प-१ चा मध्यांक ३०३ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर मिळाला. मग लयकारिकेच्या २५ वेगवेगळ्या आजारांच्या ३२० रुग्णांत तो तपासला, आणि २५ पैकी १७ आजारांत बहुतेक रुग्णांचा आकडा निरोगी माणसांच्या वरच्या मर्यादेपलीकडे निघाला. प्रत्येक रेणूवरची साखर मोजत बसले असते, तर हे हाती आलं नसतं.

उत्तरपक्ष: ॲडलेडच्या कामापुढे मान झुकवतो, आणि तुलना पुष्कळदा पुरते हेही मान्य. पण ते काम कसं झालं ते पाहा. त्यांनी मोजणीची पद्धत स्वतः बसवली आणि रक्तद्रवात आपल्याला सापडतंय ते लॅम्प-१ चं विद्राव्य रूप आहे, पटलातलं नव्हे, हे सांगून टाकलं. म्हणजे ‘पेशीत लॅम्प किती’ हा त्यांचा प्रश्नच नव्हता; रक्तात उतरलेला हा अंश आजाराची चाहूल देतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पुढचा अध्याय तुम्ही वगळलात. लयकारिकेचे आजार सगळे मिळून ऑस्ट्रेलियात सुमारे ७,७०० जन्मांमागे एका बाळाला होतात, म्हणून नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात लॅम्प-१ मोजून त्यांना आधीच हेरता येईल, अशी आशा होती. डेन्मार्कमधली जुनी रक्तकार्डं काढून, पुढं आजारी निघालेल्या मुलांचे थेंब तपासले, तेव्हा ती फळाला आली नाही. २००४ मध्ये त्याच गटानं तसं नोंदवलं. कारण समजण्याजोगं आहे. अडगळ साठत गेल्यावर लयकारिका वाढतात आणि लॅम्प वाढतं. जन्माच्या वेळी अडगळ पुरेशी साठलेलीच नसते. आज नवजात बाळांच्या चाळणीत या आजारांसाठी मुख्यतः विकरांची क्रिया मोजतात.

आता पासंगाचं. पासंग दोन्हीकडे सारखा, हे तुम्ही गृहीत धरलंत. लयकारिकेच्या काही आजारांत बिघाड असतो तो साखर छाटणाऱ्या विकरांतच. तिथं रुग्णाच्या लॅम्पवरचं चिलखत निरोगी माणसाच्या चिलखताहून वेगळं निघालं, तर तेच प्रतिपिंड एकाला घट्ट धरील, दुसऱ्याला सैल, आणि मिळणारा फरक प्रमाणाचा की पोशाखाचा हे आकड्यावरून कळणार नाही. काही वेळा तर प्रमाण हा प्रश्नच गैरलागू असतो. मारक पेशी शत्रूवर आपलं कोठार रिकामं करतात तेव्हा लॅम्प-१ आतून पृष्ठभागावर येतं, आणि प्रतिकारशास्त्राचे अभ्यासक त्याला सीडी-१०७ए म्हणून तिथं टिपतात. बातमी असते ती प्रथिन कुठं गेलं याची. पेशी फोडून एकूण मोजणाऱ्याला ती ऐकूच येणार नाही. आणि सर्वांत कठीण गाठ लॅम्प-२ची. एकाच जनुकापासून त्याचे ए, बी आणि सी असे तीन प्रकार होतात. लयकारिकेच्या पोटातला मोठा भाग जवळजवळ सारखाच, फरक पटलाजवळच्या टोकाला आणि बाहेरच्या शेपटात. यातला ‘ए’ प्रकार निवडक प्रथिनांना लयकारिकेत ओढून नेणारं दार आहे, असं क्वेर्वो आणि डाइस यांनी १९९६ मध्ये दाखवलं, आणि तेव्हापासून वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या सगळ्यांना लॅम्प-२ए मोजायचं असतं. बाजारात रक्तद्रवातलं लॅम्प-२ए मोजू म्हणणारी किटं आहेत. रक्तात जर पटलापासून तुटलेला विद्राव्य तुकडाच तरंगत असेल, तर ‘ए’ला ‘ए’ ठरवणारं शेपूट मागं पेशीतच राहिलं. मग किट ओळखतं कशावरून?

पूर्वपक्ष: इथं तुम्ही घाई केलीत. पेशी बाह्यपुटिका सोडतात, त्यांतल्या एका प्रकाराला एक्झोसोम म्हणतात, आणि त्यांच्या पटलात लॅम्प शेपटासह अख्खं असतं. रक्तात त्या पुटिका भरपूर. तेव्हा रक्तद्रवात लॅम्प-२ए असूच शकत नाही, असं म्हणता येणार नाही.

उत्तरपक्ष: घाई झाली, कबूल. पण एक्झोसोममध्ये ते शेपूट पुटिकेच्या आत वळलेलं असतं. साबणानं पुटिका फोडल्याशिवाय प्रतिपिंड तिथवर पोचत नाही, आणि रक्तद्रव थेट वेलमध्ये टाका म्हणणाऱ्या पत्रकात तो साबण कुठंय? तुमच्या आक्षेपानं किट सुटत नाही, प्रश्न नेमका होतो एवढंच. माझं म्हणणं आता सरळ सांगतो. अशा किटाची पहिली परीक्षा ते काय पाहतं ही नसावी. जिथं ते प्रथिन अजिबात नाही तिथं किट शून्य दाखवतं का, ही असावी. ज्या पेशींतून लॅम्प-२ चं जनुक कापून टाकलंय त्यांचा अर्क आणि त्यांच्याच न कापलेल्या बहिणींचा अर्क शेजारच्या वेलमध्ये घाला. पहिली वेल कोरी राहिली पाहिजे. ती पिवळी झाली तर बाकीचे सगळे टक्के आणि आलेख बाजूला ठेवावेत.

लॅम्पच्या बाबतीत ही परीक्षा आणखी धारदार आहे. लॅम्प-१ आणि लॅम्प-२ यांत अमिनो आम्लांची सुमारे ३७ टक्के जागांवर तंतोतंत जुळणी आहे. लॅम्प-१ नसलेले उंदीर तयार केले तेव्हा ते बऱ्यापैकी जगले आणि त्यांच्या ऊतींत लॅम्प-२ वाढलेलं सापडलं; एक गेला, त्याचं काम दुसऱ्यानं उचललं. दोघांना न ओळखता येणारं किट अशा उंदराच्या ऊतीत ‘लॅम्प-१’ मजेत मोजत बसेल, क्वचित जास्तही दाखवील. जुळणाऱ्या आकड्यांच्या कसोटीवर ते उत्तम ठरेल, शून्याच्या कसोटीवर पहिल्याच वेलमध्ये पकडलं जाईल. ही कसोटी कुणाच्या स्वप्नातली नाही. वायकॅरॉस या खुल्या विज्ञानाच्या प्रकल्पानं ६५ प्रथिनांवरची बाजारातली ६१४ प्रतिपिंडं नेमक्या याच रीतीनं, जनुक कापलेल्या पेशी शेजारी ठेवून, तपासली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष छापले. नापास प्रतिपिंडांवर विसंबलेले, प्रत्येक प्रथिनामागे सरासरी डझनभर शोधनिबंध त्यांना मिळाले. उत्पादक या कामात सहभागी होते. निकाल पाहून त्यांनी नापासांपैकी बरीच प्रतिपिंडं बाजारातून काढली किंवा त्यांचा शिफारस केलेला उपयोग बदलला. यातून सुटका नाही असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे व्हावं.

पूर्वपक्ष: पेशींच्या अर्कात शून्य दिसलं म्हणून रक्तद्रवात दिसेल का? रक्तद्रवात इतर हजारो प्रथिनं असतात, कुणाच्या रक्तात संधिवाताचा घटक असतो, कुणी बायोटिनच्या गोळ्या घेतलेल्या असतात. यातलं काहीही वेल पिवळी किंवा कोरी करू शकतं. माणसाचं जनुक कापून रक्त काढता येत नाही. तुमची कसोटी नेमकी जिथं हवी तिथं लागू पडत नाही.

उत्तरपक्ष: हा तुमचा सर्वांत वजनदार मुद्दा, आणि तो मी पूर्णपणे परतवू शकत नाही. लॅम्प-२ पुरतं एक दुर्दैवी उत्तर निसर्गानं देऊन ठेवलं आहे. १९८१ मध्ये डॅनन आणि सहकाऱ्यांनी दोन मुलगे पाहिले. हृदयाचे स्नायू आणि शरीराचे स्नायू दुबळे, पेशींत ग्लायकोजेन साठलेलं, म्हणजे चित्र पॉम्पे आजाराचं, पण त्यात बिघडणारं आम्ल माल्टेज विकर मात्र शाबूत. २००० मध्ये कळलं, की दोष लॅम्प-२च्या जनुकात आहे. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं आजारी मुलग्यांत लॅम्प-२ बहुधा नसतंच. त्यांच्या कुटुंबाच्या संमतीनं मिळालेलं रक्तद्रव हा माणसातला शून्याचा नमुना. तो दुर्मीळ आहे. प्रत्येक प्रयोगशाळेला मिळणार नाही, मागूही नये. पण किट विकणाऱ्यानं तो एकदा तपासून माहितीपत्रकात आकडा छापायला काय हरकत आहे? त्याच आजारानं किटाची आणखी एक मर्यादा दाखवली आहे. वाहक स्त्रियांत काही पेशींत लॅम्प-२ पूर्ण असतं, काहींत बिलकूल नाही. अर्क करून मोजलं की दोन्ही एकत्र घुसळून मधलाच आकडा येतो, आणि तो निरोगी माणसातल्या किंचित कमी आकड्यासारखा दिसू शकतो. पेशी एकेक करून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरला तिथं दोन वेगळे गठ्ठे दिसतात.

राहिला रक्तद्रवातला गोंधळ. त्याला शून्याइतकी खणखणीत कसोटी नाही, पण दोन साध्या रीती आहेत. नमुना दोनपट, चौपट, आठपट पातळ करत जा; प्रथिन तेच असेल तर आकडेही निम्मे, पाव, अष्टमांश होत जातात आणि त्यांची रेघ प्रमाण-कुपीच्या रेघेला समांतर जाते. नाही गेली, तर काही तरी दुसरंच पिवळं करतंय. दुसरी रीत: नमुन्यात माहीत असलेलं प्रथिन मुद्दाम घालायचं आणि त्यातलं ८० ते १२० टक्के परत मोजलं जातं का, ते बघायचं. जास्त मोठ्या संस्थेला वस्तुमान-वर्णपटमापक पंच म्हणून वापरता येईल, टोरांटोला वापरला तसा. पण साखरेनं मढलेल्या लॅम्पमधून मोजण्याजोगे तुकडे त्यालाही थोडेच मिळतात, म्हणून सगळा भार त्याच्यावर टाकू नये.

पूर्वपक्ष: हे सगळं एका किटात बसवून दाखवा. ९६ वेल. आठ प्रमाणबिंदू दोन-दोनदा, म्हणजे १६ गेल्या. उरलेल्या ८० मध्ये ४० नमुने. प्रत्येक नमुन्यामागे एक रुग्ण आहे आणि किटाची किंमत माझ्या वर्षाच्या अनुदानातून जाते.

उत्तरपक्ष: बसतं. जनुक कापलेला अर्क आणि त्याचा जोडीदार, दोन-दोनदा, ४ वेल. एका नमुन्याची तीन जास्तीची विरलीकरणं, ६ वेल. मुद्दाम घातलेलं प्रथिन परत मोजायला २. एकूण १२. आणि हे प्रत्येक प्लेटला नको. नवा लॉट आला, की त्याच्या पहिल्या प्लेटला करायचं.

पूर्वपक्ष: म्हणजे पहिल्या प्लेटवर ४० ऐवजी ३४ नमुने.

उत्तरपक्ष: चौतीस. आणि कापलेल्या अर्काची वेल पिवळी निघाली, तर त्या प्लेटवरच्या चौतीसांपैकी एकाचाही आकडा वहीत लिहायचा नाही.